दुपारी ती जिथं जायची

माझ्या बायकोला नागीण झाली ती दिवाळीनंतरच्या थंडीत. डाव्या बरगडीखालून पाठीपर्यंत पाण्याने भरलेल्या पुळ्यांचा पट्टा उठला. विहारात रविवारी वंदनेला येणाऱ्या बायकांनी नाना उपाय सुचवले. कोणी गेरू लावायला सांगितला, कोणी नागीण उतरवणाऱ्या एका बाबाचा पत्ता दिला. तिने सगळ्यांचं हसून ऐकून घेतलं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या वेळेवर घेतल्या. पुळ्या सुकल्या, खपल्या पडल्या. आम्हाला वाटलं, सुटलो. पण कातडी बरी झाली आणि दुखणं आतच राहिलं.

ते दुखणं मी कधी समजू शकलो नाही. बघितलं फक्त. सुती गाऊन टेकला तरी ती दचकायची. पंख्याचा वारा लागला की दात आवळायची. महापालिकेच्या शाळेत जन्मभर उभं राहून शिकवलेली बाई. आता इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एका कुशीवर कलून बसून राहायची, डावा हात अंगापासून लांब धरून. गोळ्यांनी झोप यायची, तोल जायचा, तोंड कोरडं पडायचं. दुखणं तेवढं हलायचं नाही.

शेवटी एका ओळखीच्यांनी एका दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्या मूळच्या भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायच्या आणि बाकीच्या वेळात असे न हटणाऱ्या दुखण्याचे पेशंट बघायच्या. आमच्या लेकीच्याच वयाच्या. त्यांनी सगळे कागद पाहिले, गोळ्यांचं प्रमाण थोडं बदललं आणि मग अगदी सहज विचारलं, "काकू, जोडीला संमोहन करून बघायचं का?"

मला हसूच आलं. संमोहन म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं. माझं लहानपण लासलगावचं, वडील मार्केट यार्डात मापारी होते. एकदा लिलाव आटोपल्यावर रिकाम्या शेडमध्ये एका जादूगाराचा खेळ झाला होता. त्याने एका हमालाला पुढे बोलावलं, डोळ्यांत डोळे घालून काहीतरी पुटपुटला आणि त्याच्या हातात कच्चा कांदा देऊन म्हणाला, हे सफरचंद आहे, खा. हमालाने कचाकचा खाल्ला. "लय गोड हाय," म्हणाला. सगळं यार्ड हसून लोळलं.

मी हे डॉक्टरबाईंना सांगितलं. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं का?"

"येत होतं की. धारा लागल्या होत्या."

"म्हणजे डोळ्यांना कांदा कळत होता. त्याचं सगळं ध्यान जादूगाराच्या शब्दावर होतं म्हणून जिभेकडे दुर्लक्ष झालं. आणि काका, इतक्या लोकांसमोर खेळ मोडायचा नाही, हेही त्याला कळत होतंच. संमोहनात माणूस झोपत नाही. बेशुद्ध होत नाही. मनाविरुद्ध काही करतही नाही. लक्ष एका जागी इतकं गोळा होतं की बाकीचं कडेला सरकतं, एवढंच."

माझी बायको खुर्चीत पुढे झाली. तिने विचारलं, "म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे असं म्हणता का तुम्ही?"

"अजिबात नाही. तुमची नस खरंच दुखावली आहे. ती निरोप पाठवत राहणार. पण निरोप आला की मन त्याच्यामागे किती धावतं, किती घाबरतं, ते बदलता येतं."

हे तिला पटलं. ती स्वतः शिक्षिका. समजावून सांगितलेलं तिला आवडायचं.

मग त्यांनी आम्हा दोघांनाही डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगितले. उजव्या हातात पाण्याने भरलेली बादली आहे, डाव्या मनगटाला गॅसचा फुगा बांधलाय, असं त्या हळूहळू बोलत राहिल्या. डोळे उघडायला सांगितले तेव्हा माझे हात जिथल्या तिथे होते. मी तोपर्यंत बादली लोखंडी की प्लॅस्टिकची याचा विचार करत होतो. बायकोचा उजवा हात मांडीला टेकला होता आणि ज्या बाजूला दुखायचं तो डावा हात कपाळाच्या वर गेला होता. तिला स्वतःलाच नवल वाटलं.

मला मनातून जरा वाईट वाटलं. बाहेर आल्यावर नाही, तिथेच विचारलं मी, "म्हणजे हिचं मन कच्चं आहे का?"

"काकू वाचत असताना हाक मारली तर त्यांना ऐकू जाते?"

"छे. दूध उतू जातं."

"तेच हे. काही माणसांना असं बुडून जाता येतं. कच्च्या-पक्क्याचा काही संबंध नाही. तुम्हाला येत नाही, त्यानेही काही बिघडत नाही."

पुढच्या भेटीत प्रत्यक्ष संमोहन झालं. मीही खोलीतच बसलो. डॉक्टरबाई फार काही वेगळं बोलल्या नाहीत. श्वासाकडे लक्ष द्या, खांदे सैल सोडा, पापण्या जड होताहेत, प्रत्येक श्वासाबरोबर थोडं खोल उतरा. आवाज सपाट, संथ. मग म्हणाल्या, "आता तुम्हाला जिथं निवांत वाटतं अशा एका जागी जा. कुठं जायचं ते मी सांगणार नाही. पोचलात की मला सांगा."

बायकोचा चेहरा बदलत गेला. कपाळावरच्या आठ्या, ज्या इतक्या महिन्यांत मी झोपेतही गेलेल्या पाहिल्या नव्हत्या, त्या पुसल्यासारख्या गेल्या. आणि मग ती बोलली.

"पानी थंड शे."

मी खुर्चीत सरसावून बसलो. डॉक्टरबाईंनी मला हातानेच थांबवलं आणि तिला विचारलं, "कुठं आहे पाणी?"

"पाटमा."

ती कळवणजवळच्या एका खेड्यातली. त्या बाजूला अहिराणी बोलतात, हे मला ठाऊक होतं. पण आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या तोंडून ती बोली मी कधी ऐकली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हाच तिचं डी.एड. झालेलं होतं. शाळेत मुलांचं 'व्हतं' आणि 'न्हवतं' दुरुस्त करता करता तिने स्वतःचं बोलणंही कधीच धुऊन पुसून घेतलं होतं. भाऊ आला तरी ती त्याच्याशी पुस्तकातल्यासारखंच बोलायची. तो बिचारा अवघडून जायचा. आणि आज ही डोळे मिटून म्हणत होती, "माय वावरमा शे. आत्ते येई." आई शेतात आहे, आत्ता येईल.

आवाजही तिचा नव्हता. म्हणजे तिचाच, पण ज्या वयात मी तिला पाहिलंच नाही त्या वयातला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाण्यात पाय सोडून बसा. दुखणं आहे का?"

"शे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण तिकडे. पल्याड."

डोळे उघडल्यावर तिला सगळं आठवत होतं. ती आम्हाला सांगत होती, आता नेहमीच्या मराठीत. गिरणेवरच्या बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतांकडे आणलं होतं. वडील लवकर गेले, आई लोकांच्या शेतात कामाला जायची आणि हिला पाटाच्या काठी उंबराखाली बसवून ठेवायची. पाण्यात पाय सोडायची परवानगी होती, उतरायची नव्हती. "दुखत होतं हो," ती म्हणाली, "पण ते दुसऱ्या काठावर कुणाचं तरी दुखत असावं, तसं."

हे रोज करावं लागेल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्या रोज कुठून येणार? म्हणून त्यांनी मला शिकवलं. मी अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. प्रेसच्या धडधडाटावर ओरडून बोलण्यात माझी सगळी नोकरी सरली. माझं पहिलं "डोळे मिटा" ऐकून बायको खुदकन हसली. "शिफ्ट सुरू झाल्यासारखं वाटलं," म्हणाली. मग मी मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकू लागलो. वाक्यांत जागा सोडायला शिकलो. तिचा श्वास बाहेर जाताना बोलायचं, आत येताना थांबायचं. उतारवयात मी हळू बोलायला शिकलो ते असं.

दुपारची जेवणं झाली, भांडी घासणारी बाई गेली की आम्ही बेडरूमचे पडदे ओढून घ्यायचो. ती उशांना टेकून बसायची. मी स्टुलावर. खाली सोसायटीत कुणाचं तरी पार्सल आलेलं असायचं, वॉचमनची हाक ऐकू यायची. मी म्हणायचो, बाहेरचे आवाज येऊ देत, तुम्ही तुमच्या वाटेने चाला. एरवी मी तिला 'अगं' म्हणतो, पण डॉक्टरबाई 'तुम्ही' म्हणायच्या, म्हणून मीही तेच उचललं होतं. तिला त्याची गंमत वाटायची. थोड्याच वेळात तिचा जबडा सैल पडायचा, बोटं उघडायची आणि ती पोचायची.

पोचली की सांगायची. कधी मराठीत, बहुतेक वेळा अहिराणीत. पाण्यावरून पान वाहत गेलं. पलीकडच्या शेतात गव्हाला पाणी देताहेत. कोणी तरी बैल धुतोय. एकदा तिने शेजारची चादर थोपटली आणि म्हणाली, "आठे बठ." इथं बस. कुणाला म्हणाली कोण जाणे. मी मात्र स्टूल सोडून पलंगाच्या कडेला, तिने थोपटलं होतं तिथे जाऊन बसलो. तिच्या लक्षातही आलं नाही.

दुखणं कमी होत गेलं. आधी संमोहन संपल्यावर तासभर बरं वाटायचं, मग संध्याकाळपर्यंत. ती पुन्हा साडी नेसू लागली. गोळ्या कमी झाल्या. हे सगळं चांगलं होतं आणि मला त्याचा आनंद होता. पण एक गोष्ट सांगायला हवी. मी सकाळपासून दुपारची वाट बघायचो. मला त्या मुलीला ऐकायचं असायचं. आमचं लग्न ठरवून झालेलं. मी तिला पाहायला गेलो तेव्हा ती नोकरी लागलेली, नीटनेटकी, तोलून बोलणारी मुलगी होती. त्या आधीची कोणी होती, ती कशी हसायची, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. आता ती रोज दुपारी माझ्या हाताच्या अंतरावर असायची आणि मी तिथं जाऊ शकत नव्हतो. मीच तिला वाटेला लावायचो, दारापर्यंत सोडायचो आणि बाहेर थांबायचो.

एकदा मला राहवलं नाही. मी विचारलं, "तिथं मी आहे का?"

तिच्या कपाळावर किंचित आठी आली. शोधत असावी. मग लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "तुम्ही कसे असाल? अजून लगीन कुठं झालंय?"

पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंना हे सांगितलं तर त्या रागावल्या नाहीत, पण गंभीर झाल्या. "काका, असं काही विचारू नका. त्या अवस्थेत मन फार उदार असतं. जे नाही ते मागितलं तर तेही तयार करून देतं आणि मग ते खरंच घडलं होतं असं वाटायला लागतं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नसतो. दर वेळी ती नव्याने जुळवली जाते. संमोहनात तर जास्तच. त्यांना आराम पडतोय ना, मग त्या पाण्याला हात लावू नका."

मी हात लावला नाही. पण उन्हाळा सुरू व्हायच्या आत तिला एकदा खरंच तिथं घेऊन जावं, असं माझ्या मनाने घेतलं. तीही लगेच तयार झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती एवढा लांबचा प्रवास करणार होती. गाडीत सीटबेल्टखाली मऊ टॉवेल घेतला आणि कळवणला निघालो.

तिचा थोरला भाऊ अजून गावातच राहतो. आमचा चहा होतो न होतो तोच ती उठली. "चल रे भाऊ, पाटावर जाऊ." तिघं चालत निघालो. शेतांना आता ठिबकच्या नळ्या होत्या. पाट सिमेंटचा झालेला, त्यात कोरडा पाला. ती काठाकाठाने पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"उंबर कधी तोडला?" तिने विचारलं.

"कोणता उंबर?"

"इथला. याच्याखाली माय मला बसवायची तो."

भावाने मान हलवली. "बाई, आठे उंबर कधीच नव्हता." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "दाजी, इथं बाभळी होत्या. उंबर होता मामाच्या गावाला, विहिरीवर. आणि आई हिला पाटावर कशी बसवंल? पोर वाहून गेली असती. पाटावर मी गुरं घेऊन यायचो, तेव्हा कधीमधी मागं लागून यायची ही. आई कामाला जायची तेव्हा ही शेजारच्या म्हातारीपाशी असायची, घरात."

मला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. कोरड्या पाटाच्या काठावर ती हळूच खाली बसली, डावा हात सवयीने लांब धरून. मामाच्या गावचा उंबर, भावाबरोबरचा पाट आणि जी आई दिवसभर दिसायची नाही ती आई, हे सगळं तिच्या मनाने एका ठिकाणी आणून ठेवलं होतं. मग ती म्हणाली, "शेजारच्या म्हातारीच्या घरात फार अंधार असायचा रे."

"व्हता ना," भाऊ म्हणाला.

"मी दाराकडे बघत बसायची. माय येईल म्हणून."

भाऊ तिच्याजवळ बसला. मग ती दोघं बोलत राहिली, अहिराणीत. आधी तिचे शब्द अडखळत होते, मग सुटले. मी जरा बाजूला उभा होतो. मला निम्मं कळलं, निम्मं नाही. 

परत येताना मला भीती होती की आता ती जागा मोडली. खरी नाही हे कळल्यावर ती पुन्हा तिथं कशी जाईल? पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. उंबर होता, पाणी होतं. डॉक्टरबाईंना याचं आश्चर्य वाटलं नाही. "तिथं जायला ती जागा खरी असायची गरजच नव्हती," त्या म्हणाल्या. आणि त्याच भेटीत त्यांनी सांगितलं, "काकू, आता काकांची गरज नाही. हे तुमचं तुम्हाला करता येईल. शेवटी तेच करायचं असतं."

त्यांनी तिला शिकवलं. अंगठा आणि तर्जनी जुळवायची, श्वास सोडायचा आणि स्वतःशीच म्हणायचं. ती हुशार विद्यार्थिनी. थोड्याच दिवसांत जमलं. मी पडदे ओढायला उठलो तर म्हणाली, "राहू द्या हो, मी करते." मी बाहेर हॉलमध्ये पेपर घेऊन बसलो. आतून काही आवाज आला नाही. एकटी असताना ती बोलायची नाही. सांगायला कोणी समोर नव्हतं ना.

बाहेर आली तेव्हा चेहरा शांत होता. मी विचारलं, "काय होतं आज तिथं?"

"नेहमीचंच," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

पावसाळ्यापर्यंत दुखणं जवळजवळ गेलं. आता ढगाळ हवेत थोडी चुणचुण होते तेवढीच. विहारात जाते, स्वयंपाक करते, शेजारच्या मुलांचा अभ्यास घेते. दुपारी डोळे मिटून बसायची गरज फारशी पडत नाही. एकदा जेवताना मी म्हणून गेलो, "तू तिथलं काही बोलत नाहीस हल्ली."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "दुखणं गेलं म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय की काय?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

मी म्हणालो, "मला ती पोरगी परत भेटली नाही."

ती हसली नाही. तिने ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "चला, तुम्हाला नेऊन बघते." जेवणं झाल्यावर तिने मला उशांना टेकून बसवलं, स्वतः स्टुलावर बसली. शिक्षिकाच ती, तिचा आवाज माझ्यापेक्षा कितीतरी चांगला लागला. मी खरंच मनापासून प्रयत्न केला. पाणी आणायचा प्रयत्न केला, पण मला कोरडा सिमेंटचा पाटच दिसायचा आणि त्याचा उतार किती असेल हा विचार यायचा. मग काहीच दिसेनासं झालं. जागा झालो तेव्हा उन्हं कलली होती आणि ती शेजारी मटार सोलत होती.

"पोचलो का मी?" मी विचारलं.

"घोरत होतात," ती म्हणाली.

आता मी रविवारी मेव्हण्याला फोन करतो आणि त्याच्याकडून थोडी थोडी अहिराणी शिकतो. त्याला आधी चेष्टा वाटली, आता तो मन लावून शिकवतो. परवा जेवताना मी म्हणालो, "भाजीत मीठ कमी शे." ती ठसका लागेपर्यंत हसली. "भाजीत नाही हो, भाजीमा." मी पुन्हा म्हणालो. तिने पुन्हा दुरुस्त केलं. ती अहिराणीत चार-दोन वाक्यं बोललीही, अगदी सावकाश, मला कळावीत म्हणून, एकेक शब्द सुटा करून.

छान बोलली. पण ते वर्गात बोलतात तसं होतं. मी भाजीत मीठ घालून घेतलं आणि तिला म्हणालो, अजून बोल.